आरोपीने दिवाळं काढलं, भरपाई कुठून मिळणार? फसलेल्या ठेवीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि रविवारी सकाळी ठेवीदारांचे अर्ज तपासून देतो. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण पतसंस्था, 'दरमहा पाच टक्के' देणाऱ्या कंपन्या, बचत योजना आणि गाळे-प्लॉटच्या योजना यांत अडकलेले असतात, त्यामुळे उत्तरंही महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यावर बेतली आहेत. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर त्याला जुनी भारतीय दंड संहिता लागते. फौजदारी प्रक्रियेची कलमं मी नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली दिली आहेत. कोणतंही एक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. पुनरुक्ती नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. कोर्टाने भरपाईचा आदेश दिला. म्हणजे पैसे आलेच ना?

नाही. आदेशामुळे तुम्हाला वसुलीचा हक्क मिळतो. वसुली होते ती मालमत्तेतून, आणि ती मालमत्ता वेळेत शोधून जप्त केलेली असेल तरच. माझ्याकडे येणारे लोक निकालाची तारीख तोंडपाठ सांगतात, पण 'जप्त काय काय झालंय?' असं विचारलं की गप्प होतात. तक्रार दिल्यापासून हाच प्रश्न तपास अधिकाऱ्याला विचारत राहा. नऊ आकडी भरपाईचा आदेश आणि जप्तीत एक जुनी मोटार, असं घडू शकतं. उलट साधा अंतरिम आदेश असतो आणि महामार्गालगतचे चार एकर जप्तीत असतात. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकरणातले ठेवीदार जास्त सुदैवी.

२. नादार, दिवाळखोर, 'हात वर केले' हे सगळं एकच का?

बोलण्यात एकच, कायद्यात नाही. 'माझ्याकडे काही उरलं नाही' असं आरोपीने सांगितलं, तर त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. व्यक्तीला नादार ठरवायचं तर मुंबईत उच्च न्यायालयापुढे १९०९ च्या कायद्याखाली अर्ज होतो आणि इतर जिल्ह्यांत जिल्हा न्यायालयापुढे १९२० च्या कायद्याखाली. कंपनीचं दिवाळं २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत चालतं. या संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. त्यामुळे शेजारच्या आळीतल्या सावकारी योजनावाल्याला अजून शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा लागतो.

म्हणून 'त्याने नादारी घेतली' असं कानावर आलं की आधी अर्जाचा क्रमांक आणि कोर्ट विचारा. बऱ्याचदा अर्ज दाखलच झालेला नसतो. जाता जाता, कोर्ट फी भरायची ऐपत नसलेला वादीही नादार म्हणून दावा लावू शकतो. हा शब्द कधी तुमच्याही कामी येईल.

३. त्याला कोर्टाने खरंच नादार ठरवलं, तर माझे पैसे माफ होतात का?

साध्या उसनवारीचं देणं नादारीतून मुक्त झाल्यावर सुटू शकतं. फसवणुकीचं सुटत नाही. १९०९ चा कायदा, १९२० चा कायदा आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम १३९, या तिन्हीकडे हा अपवाद स्पष्ट लिहिला आहे: कपटाने किंवा विश्वासघाताने अंगावर घेतलेलं देणं मुक्ततेच्या आदेशानंतरही कायम राहतं. पुढे त्याला वारसाहक्काने घर मिळालं किंवा नवा धंदा चालला, तर तुम्ही त्याच्या मागे जाऊ शकता.

खाच इथे आहे: तुमच्या कागदावर 'फसवणूक' हा शब्द हवा. घाईत केलेल्या दाव्यात नुसतं 'रक्कम येणे' लिहिलं आणि तडजोडीत साधा हुकूमनामा घेतला, तर पुढे नादारीच्या कोर्टात कपट वेगळं सिद्ध करत बसावं लागतं. दाव्यात कपटाची हकीकत तारीखवार मांडा आणि त्यावर मुद्दा काढायला सांगा.

४. भरपाईचे रस्ते किती आहेत?

ठेव योजना असेल तर एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा (प्रश्न ५ ते ११). इतर फसवणुकीत गुन्ह्याच्या मालमत्तेचं वाटप (प्रश्न १२) किंवा शिक्षेसोबतची भरपाई (प्रश्न १४). कंपनी दिवाळ्यात गेली असेल तर तिथे दावा (प्रश्न १३). शिवाय दिवाणी दावा, ग्राहक आयोग, चेक वटला नसेल तर त्याची फिर्याद. हे एकाच वेळी चालू शकतात, पण पैसा एकदाच मिळतो. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी वजा होते.

५. एमपीआयडी कायदा काय आहे? माझं प्रकरण त्यात बसतं का?

हा महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा. पोलिस, वकील, ठेवीदार सगळे त्याला एमपीआयडीच म्हणतात. मुदत संपल्यावर ठेव, व्याज किंवा कबूल केलेली सेवा कपटाने दिली नाही, तर जबाबदार व्यक्तींना ६ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ठेवीदाराच्या दृष्टीने शिक्षेपेक्षा जप्तीची कलमं मोलाची आहेत.

'ठेव' या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे. रोख रक्कम, मौल्यवान वस्तू, परतफेड पैशात, वस्तूत किंवा सेवेत, हे सगळं तीत येतं. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तूंच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अशीच व्यापक व्याख्या धरून त्या एक्स्चेंजला वित्तीय संस्था मानलं. पतसंस्थाही यात बसतात. वगळल्या आहेत त्या बँका आणि सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्था. नेहमीच्या धंद्यातली अनामत आणि मालासाठी दिलेला आगाऊ पैसाही ठेव नाही. भाऊबंदांतला हातउसना व्यवहार पोलिस सहसा यात घेत नाहीत. तसं असेल तर प्रश्न १२ आणि १४ पाहा.

हा कायदा घटनाबाह्य आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटलं होतं. पण तमिळनाडूच्या अशाच कायद्यावर निकाल देताना २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत चुकीचं ठरवलं. आरोपीचे वकील अजूनही कधी जुना निकाल दाखवून ठेवीदारांना घाबरवतात. घाबरू नका.

६. पैसे परत देणार कोण? पोलिस, कलेक्टर की कोर्ट?

तिघांचीही कामं आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. पोलिस किंवा आर्थिक गुन्हे शाखा मालमत्ता शोधून यादी वर पाठवते. राज्य सरकार एमपीआयडीच्या कलम ४ खाली जप्तीची अधिसूचना काढतं आणि सक्षम प्राधिकारी नेमतं. हा अधिकारी उपजिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असतो. त्याने अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत विशेष न्यायालयात जप्ती कायम करण्यासाठी अर्ज करायचा असतो. हे न्यायालय जिल्हा व सत्र न्यायाधीश दर्जाचं. आक्षेप ऐकून न्यायालय जप्ती कायम करतं, बदलतं किंवा उठवतं. कायम झाली की विक्री, आणि मग ठेवीदारांत वाटप. आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करता येतं.

म्हणून पोलिस ठाण्यात जाऊन 'माझा चेक कधी?' विचारण्यात अर्थ नाही. दोषसिद्धी होईपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही, कारण जप्ती आणि वाटपाची वाट खटल्याला समांतर चालते.

७. किती वर्षं लागतात?

वर्षंच लागतात. मघाचं स्पॉट एक्स्चेंजचं प्रकरण जुलै २०१३ च्या अखेरीस फुटलं, तेव्हा सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले होते. ठेव म्हणजे काय हे ठरायला २०२२ उजाडलं आणि जप्त मालमत्तेवर आधी हक्क कोणाचा हे ठरायला २०२५. लहान प्रकरणं एवढी रेंगाळत नाहीत, पण 'सहा महिन्यांत मिळवून देतो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो माझ्यासारखा काळा कोट घातलेला का असेना.

८. माझ्याकडच्या पावत्या पुसट झाल्या आहेत. दावा जाईल का?

गेल्या उन्हाळ्यात एक आजी दुधाच्या पिशव्या बांधायच्या रबरात चारेकशे पावत्या घेऊन आल्या. रोज पन्नास रुपयांची पिग्मी. एजंटच्या कमरेच्या मशीनमधून निघालेल्या त्या पट्ट्या, देवघरातल्या कपाटात जपून ठेवलेल्या आणि सगळ्या कोऱ्या झालेल्या. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने अक्षर उमटतं आणि काही काळाने विरून जातं. दोन वर्षांची बचत, हातात पांढरे कागद.

त्यांचा दावा टिकला, कारण पासबुकावर महिन्याची बेरीज आणि शिक्का होता, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या संगणकात खातेउतारा होता. तेव्हा पासबुक, ठेव प्रमाणपत्र, बँकेचा उतारा, एजंटच्या वहीचा फोटो, संदेश, जे असेल ते द्या. पुसट पावत्यांचे आजच फोटो काढा आणि लॅमिनेट करू नका. गरम रोलरमधून अशी पावती गेली की काळी ठिक्कर पडते. मूळ ठेवपावती कोणालाही देऊन टाकू नका. साक्षांकित प्रत द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या.

दाव्यासाठी सक्षम प्राधिकारी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. तपासात जबाब दिला म्हणून हा अर्ज आपोआप झाला असं समजू नका. दोन्ही करा.

९. मालमत्ता खरंच जप्त झाली आहे का, हे घरबसल्या कसं कळेल?

शेतजमीन असेल तर ऑनलाइन सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. जप्तीची नोंद तिथे दिसायला हवी. शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधकाच्या नोंदी पाहा. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात अधिसूचना राजपत्रात आली होती, पण तलाठ्यापर्यंत पत्र पोचलंच नव्हतं. सातबारा कोरा होता आणि आरोपीच्या भावाने त्यातलं वीस गुंठे विकून टाकलं. ती विक्री पुढे अडवली गेली खरी, पण दोन वर्षं त्यात गेली. अधिसूचनेची प्रत हातात आली की स्वतः तलाठी कार्यालयात अर्ज द्या. सक्षम प्राधिकाऱ्याकडून जप्त मालमत्तेची यादी माहिती अधिकारातही मागता येते.

१०. लिलावात कमी पैसे आले तर आधी कोणाला? लहान ठेवीदाराला की मोठ्याला?

कायद्याचा शब्द आहे 'न्याय्य वाटप'. सर्वसाधारणपणे ते समप्रमाणात होतं. समजा मान्य झालेले दावे ४ कोटींचे आणि हाती आले १ कोटी, तर रुपयाला चार आणे. ज्याचे २० हजार त्याला ५ हजार, ज्याचे २० लाख त्याला ५ लाख. आधी तक्रार दिली म्हणून आधी पैसे मिळत नाहीत. न्यायालय परिस्थिती पाहून लहान रकमा आधी फेडायला सांगू शकतं. सहाराच्या सहकारी संस्थांच्या परताव्यात असंच लहान रकमेपासून सुरू केलं होतं. तिथे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सेबीकडच्या खात्यातून ५,००० कोटी रुपये वळवायला सांगितले आणि पहिल्या टप्प्यात एका ठेवीदाराला १० हजारांपर्यंतच रक्कम दिली गेली.

मिळालेला परतावा लपवू नका. दोन वर्षं महिन्याला व्याज घेतलं असेल तर ते सांगा. वाटप करताना सहसा मुद्दल आधी पाहतात, आणि लपवलेली नोंद आरोपीच्याच हिशेबातून बाहेर येते.

११. सगळं बायकोच्या, मुलाच्या, मेहुण्याच्या नावावर केलंय. आता?

हा प्रश्न नसलेला रविवार मला आठवत नाही. उत्तर एमपीआयडीच्या कलम ८ मध्ये आहे. जप्त मालमत्ता देण्यापेक्षा कमी असेल आणि आरोपीने सद्भावनेने व मोबदला घेऊन हस्तांतर केलेलं नाही असं मानायला आधार असेल, तर न्यायालय घेणाऱ्याला नोटीस काढतं. त्याचं स्पष्टीकरण पटलं नाही तर हस्तांतर झालेल्या मालमत्तेच्या किमतीएवढी घेणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणजे मेहुण्याने तो फ्लॅट पुढे विकला असला तरी त्याची सुटका नाही.

आरोपी नादार ठरला असेल तर आणखी एक हत्यार आहे. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत, खरा मोबदला न घेता केलेलं हस्तांतर रद्द करून घेता येतं. बक्षीसपत्रं याच काळात होतात, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध आधी तिथून सुरू करा. हे हत्यार प्रामाणिक खरेदीदाराला मात्र लागत नाही. पत्नीची माहेरची मालमत्ता, तिच्या पगारातून घेतलेलं घर, भावांचे वडिलोपार्जित हिस्से हेही सुटतात. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत फक्त आरोपीचा हिस्सा हाती लागतो.

१२. आमची ठेव नव्हती. नोकरीच्या आमिषाने आणि बोगस प्लॉट विकून पैसे घेतले. आम्हाला काय?

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०७ पाहा. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करण्यासाठी तपास अधिकारी पोलिस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या मान्यतेने कोर्टात अर्ज करतो. आरोपीला १४ दिवसांची नोटीस जाते. ती मालमत्ता गुन्ह्यातलीच आहे असं ठरलं की कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना ती बाधितांमध्ये प्रमाणात वाटायला सांगतं, आणि त्यांनी ६० दिवसांत वाटप करायचं असतं. जुन्या संहितेत अशी सोय नव्हती. कलम नवं असल्याने अनेक ठाण्यांत ते कोणाला सुचत नाही. तुमच्या अर्जात कलमाचा आकडा लिहाच.

ऑनलाइन फसवणुकीत मात्र पहिले काही तास महत्त्वाचे. १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. खात्यात गोठलेली मोठी रक्कम परत मिळवायला सहसा मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो.

१३. कंपनी एनसीएलटीत गेली आणि सगळं थांबलं म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. कंपनीविरुद्धचे वसुलीचे दावे स्थगितीच्या काळात थांबतात. संचालकांवरचा फौजदारी खटला थांबत नाही. चेक न वटल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच सांगितलं: कंपनीविरुद्धची कारवाई थांबेल, संचालकांविरुद्धची चालू राहील. स्वतःच्या दिवाळखोरीचा वैयक्तिक अर्ज करून अंतरिम स्थगितीच्या आड लपणाऱ्यांनाही मार्च २०२५ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाच्या प्रकरणात नकार मिळाला. ग्राहक आयोगाने लावलेला दंड त्या स्थगितीने थांबत नाही, असा तो निकाल आहे.

तुम्ही मात्र जाहीर सूचनेतल्या मुदतीत, एनसीएलटीने कंपनीसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे दावा भराच. 'आमची फौजदारी केस चालू आहे' म्हणून गप्प बसलेले लोक यादीतून बाहेर राहतात आणि देणी फेडण्याच्या मंजूर योजनेत त्यांच्या वाट्याला भोपळा येतो.

एमपीआयडीखाली आधीच जप्त झालेल्या मालमत्तेचं काय? त्याच मालमत्तेवर तारण असलेल्या बँकेचा हक्क आधी येतो का? मे २०२५ मध्ये स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्द्यांवर ठेवीदारांच्या बाजूने कौल दिला: तारणधारक बँकांना तिथे अग्रक्रम नाही आणि दिवाळखोरीची स्थगिती आडवी येत नाही. केंद्राच्या २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात मात्र उलट आहे. त्यात ठेवीदार सरकारी करांच्याही आधी येतात, पण तारणधारक बँका आणि दिवाळखोरी संहिता यांचे हक्क राखून ठेवले आहेत. म्हणून गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवला जातोय याकडे पहिल्या दिवशीच लक्ष द्या. दोन्ही कायद्यांची कलमं लावायला सांगा.

१४. मॅजिस्ट्रेटने शिक्षेसोबत भरपाई दिली. तो म्हणतो, माझ्याकडे काही नाही.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली ही भरपाई मिळते. नव्या संहितेत प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटची दंडाची मर्यादा ५० हजार आहे, पण दंड न लावता थेट भरपाई दिली तर तिला आकड्याची मर्यादा नाही. दंड ठोठावला असेल तर भरपाई त्या दंडातूनच निघते. हा फरक सरकारी वकिलाच्या ध्यानात नसला तर लाखोंच्या प्रकरणात तुमच्या हाती काही हजार येतात. शिक्षेच्या युक्तिवादाआधी त्यांना भेटा.

ऐपतीचा मुद्दा खरा आहे. भरपाईचा विचार करणं कोर्टावर बंधनकारक आहे आणि ती ठरवताना आरोपीची ऐपत तपासावी, असं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणून ऐपतीचा पुरावा तुम्ही द्या: सातबारा, गाडीचा क्रमांक, मुलांच्या शाळेची फी, मुलीच्या लग्नाचा हॉल. 'काही नाही' म्हणणाऱ्याच्या घरासमोर नवी चारचाकी उभी असते, तिचा फोटो काढायला कोणी मनाई केलेली नाही. वसुली दंडासारखी होते. वॉरंट कलेक्टरकडे गेलं की जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे.

१५. भरपाई न भरता त्याने जास्तीचा तुरुंगवास भोगला. हिशेब मिटला का?

नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पैसे न भरल्याबद्दलची कैद भोगली तरी भरपाई वसूल करता येते. वसुलीचं वॉरंट मागा.

१६. जामीन देतानाच कोर्ट पैसे भरायला का लावत नाही?

लावत असत, आणि त्यातून काही जणांना पैसे मिळालेही. पण जामिनाचं काम वसुली करणं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आणखी कडक शब्द वापरले: पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, गुणदोषांवर ठरवा. आरोपी हमी देऊन सुटतात आणि मग पैसे भरत नाहीत, हा त्यामागचा अनुभव. माझाही तोच आहे. जामिनाच्या तारखेला शंभर ठेवीदार कोर्टाबाहेर जमतात. त्यातले दहा जण त्या दिवशी मालमत्तेची यादी घेऊन तपास अधिकाऱ्याकडे गेले तर जास्त उपयोग होईल.

१७. दिवाणी हुकूमनामा आहे. पैसे देत नाही तर त्याला जेलमध्ये टाका ना!

नुसती गरिबी हे दिवाणी कैदेचं कारण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवलं आहे. ऐपत असून टाळाटाळ करतोय किंवा मालमत्ता लपवतोय हे दाखवावं लागतं. भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन जप्तीत येत नाही, पगाराचाही काही भागच येतो. हुकूमनामा १२ वर्षं जिवंत असतो. दावा अजून चालू असेल आणि तो मालमत्ता विकायच्या बेतात असेल, तर निकालाआधीच्या जप्तीचा अर्ज आजच करा.

१८. ईडीने जप्ती केली आहे. ते पैसे सरकारजमा होणार का?

होतीलच असं नाही. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ८(८) खाली विशेष न्यायालय नुकसान सोसलेल्यांना मालमत्ता परत देऊ शकतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाही. एमपीआयडीची आणि ईडीची जप्ती एकाच फ्लॅटवर असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याने मनी लाँडरिंगच्या विशेष न्यायालयात अर्ज करणं सोयीचं पडतं.

१९. सरकार किंवा विमा काही देत नाही का?

पीडित भरपाई योजना आहे, पण ती मृत्यू, अपंगत्व, लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला अशा हानीसाठी. बुडालेल्या ठेवीसाठी तिथे काही मिळत नाही. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेला तो नाही. 'आमची संस्थाही सहकारीच आहे' असं सांगून एजंट नेमका हाच घोळ करतात.

२०. मीच एजंट होतो. माझेही पैसे गेले. मी साक्षीदार की आरोपी?

कायद्यात 'व्यवस्थापनाला जबाबदार' व्यक्ती हे शब्द आहेत. नुसता दारोदार फिरून गोळा करणारा पिग्मी एजंट आणि पाचशे जणांची साखळी उभारून कमिशनवर गाडी घेणारा, यांत फरक केला जातो. घेतलेलं कमिशन लिहून द्या, ग्राहकांची यादी द्या. स्वतःच्या ठेवीचा दावा वेगळा भरा. जबाब देण्याआधी वकिलाशी बोला. ठेवीदारांसोबत आलेल्या वकिलाशी नको, स्वतंत्र वकिलाशी.

२१. आरोपी मेला, किंवा ठेवीदार मेला तर?

दोषसिद्धीआधी आरोपी गेला तर त्याच्यापुरता खटला संपतो. दिवाणी हक्क वारसांविरुद्ध राहतो, पण त्यांना वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरताच. दंडाची शिक्षा झाल्यानंतर मेला तर त्याची मालमत्ता दंडातून सुटत नाही. ठेवीदार गेला असेल तर नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी वारसांचीच. वारस एकमेकांशी भांडत असतील तर रक्कम कोर्टात पडून राहते.

२२. 'तुमची रक्कम मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा' असा फोन आला. खरं आहे का?

नाही. सक्षम प्राधिकारी फोनवर शुल्क मागत नाही, ओटीपी तर नाहीच. फसलेल्यांच्या याद्या बाहेर विकल्या जातात, आणि एकदा फसलेला माणूस आशेने दुसऱ्यांदा फसतो.

२३. मी दुबईत असतो. गावी आई एकटी आहे.

विशिष्ट मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. त्यात 'दावा भरणे, जबाब देणे, रक्कम स्वीकारणे' हे शब्द घाला. मालमत्ता विकण्याचे अधिकार घालू नका.

२४. आरोपी म्हणतो, 'तुझे पैसे खाजगीत देतो, तक्रार मागे घे.' घेऊ का?

आधी पैसा कुठून येतोय ते पाहा. जप्त मालमत्ता विकून तो कोणाला देऊ शकत नाही. नादारीच्या अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकतं माप देऊन केलेला भरणाही मागे घेतला जाऊ शकतो. म्हणजे आज मिळालेले दोन लाख उद्या परत द्यावे लागण्याची शक्यता असते. नातेवाइकाने स्वतःच्या पैशातून, बँकेमार्फत दिले तर गोष्ट वेगळी. पुढच्या तारखेचे चेक घेऊन प्रतिज्ञापत्रावर सही करू नका. रक्कम खात्यात पडल्यावरच, आणि जेवढी पडली तेवढ्याचीच पावती द्या. 'माझी काही तक्रार नाही' हे वाक्य त्या पावतीत आलं असेल तर खोडा आणि खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घ्या.